कॅनव्हास आणि बालपुस्तक: कोल्हापुरात राहून दोन्ही कामं कशी सांभाळायची

कोल्हापुरात कुणी चित्रकार आहे असं कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: पोर्ट्रेट की लँडस्केप? ‘मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते’ असं सांगितलं की समोरचा क्षणभर थांबतो आणि विचारतो, ‘ते ठीक, पण तुमचं स्वतःचं काम कोणतं?’ पेंटिंगचा डिप्लोमा घेऊन बाहेर पडलेली बरीच मुलंमुली या प्रश्नापाशी अडखळतात. कुणी पुस्तकाचं काम चारचौघांत सांगायला कचरतं. कुणी पुस्तकांच्या धबडग्यात कॅनव्हास माळ्यावर टाकतं आणि तो पुन्हा खाली येत नाही.

हा लेख त्यांच्यासाठी आहे. दोन्ही कामं मी याच शहरात राहून करते. चित्र म्हणून या दोन कामांचं एकमेकांशी वैर नाही, असं माझं ठाम मत आहे. भांडण होतं ते वेळ, पैसा आणि कागदपत्रं यांवरून, आणि ही तिन्ही भांडणं आधीपासून नियोजन केलं तर मिटतात.

कोल्हापूरच्या परंपरेत तर ही फाळणी नव्हतीच. कलामहर्षी बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) यांनी नाटकांचे पडदे रंगवले, तैलचित्रं केली, पुतळे घडवले, सिनेमाचा कॅमेरा तयार केला आणि आपल्या सिनेमांची पोस्टरंही स्वतः रंगवली. बाहेर पाहायचं तर शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांनी रवींद्रनाथांच्या ‘सहज पाठ’ या मुलांच्या वाचनपाठासाठी लिनोकट (लिनोलियम कोरून घेतलेले छाप) केले आणि १९३८ च्या काँग्रेसच्या हरिपुरा अधिवेशनासाठी फलकही रंगवले. के. जी. सुब्रमण्यन भित्तिचित्रं करत होते आणि मुलांसाठी चित्रपुस्तकंही. त्यामुळे ‘स्वतःचं काम कोणतं’ या प्रश्नाला ‘दोन्ही’ असं उत्तर द्यायला बिचकू नका.

पायरी १: एकच विषय दोन्हीकडे करून बघा

निर्णय घेण्याआधी एक छोटा प्रयोग करा. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर सकाळी लवकर जा. तिथे म्हशी उभ्या असतात, गिऱ्हाइकासमोर धार काढली जाते आणि फेसाळ दुधाचा पेला हातात मिळतो. एक म्हैस निवडा आणि तिची वेगवेगळ्या बाजूंनी स्केचेस करा. घरी येऊन त्याच म्हशीवर दोन कामं करायची: एक मध्यम आकाराचा कॅनव्हास आणि सहा प्रसंगांची एक छोटी गोष्ट.

कॅनव्हासवर काय होतं ते बघा. म्हशीच्या काळ्या पाठीवर दिव्याचा निळसर उजेड पडलेला असतो आणि पोटाकडची बाजू अंधारात विरघळून जाते. ती म्हैस आहे हे बघणाऱ्याला उशिरा कळलं तरी चालतं, किंबहुना तीच त्यातली गंमत असते. चित्र एकटं उभं असतं आणि त्याला हवा तेवढा वेळ मिळतो.

गोष्टीत मात्र हीच म्हैस समोरून, बाजूने, मागून, बसलेली, पळणारी अशी सगळीकडे ‘तीच’ वाटली पाहिजे. म्हणजे तिला खुणा हव्यात: एक शिंग खाली वळलेलं, कानाला खाच, शेपटीच्या टोकाला पांढरा झुपका. चार वर्षांचं मूल या खुणा बरोबर पकडतं आणि एखाद्या पानावर झुपका राहून गेला तर बोट ठेवून विचारतं. शिवाय मुलाची उंची लक्षात घ्या. मोठ्यांना म्हशीची पाठ दिसते, मुलाला पोट, कास आणि खालून वर गेलेली शिंगं दिसतात. आणि पान उलटण्याची जागा: उजव्या पानाच्या कडेला फक्त शेपटी ठेवली आणि पान उलटल्यावर दोन्ही पानं भरून म्हैस आली, तर तो धक्का शब्दांशिवाय मिळतो. कॅनव्हासकडे हे हत्यार नाही.

आता प्रामाणिकपणे बघा. सहापैकी तिसऱ्या प्रसंगातच कंटाळा आला असेल तर पूर्ण चित्रपुस्तक घेऊ नका. मुखपृष्ठं, मासिकातली एकेक कथाचित्रं, दिवाळी अंकांतलं काम तुम्हाला जास्त मानवेल. आणि म्हैस उभी करताना कॅनव्हासवरही तुम्ही गोष्टच सांगत बसला असाल, तर पुस्तकाकडे आपला ओढा किती आहे तेही समजून घ्या.

स्केचबुक मात्र दोन्ही कामांसाठी एकच ठेवा. रविवारी कपिलतीर्थ मंडई, तालमीत लाल मातीवर घुमणारी पोरं, रंकाळ्याच्या काठावरची भेळेची गाडी, थंडीत एखाद्या गुऱ्हाळावर काहिलीभोवती उभी राहिलेली माणसं: हे सगळं एकाच वहीत जाऊ द्या. त्यातलं कोणतं पान कुठे उपयोगी पडेल हे काढताना कळत नाही. फोटोवरून काम करणाऱ्याची पुस्तकातली माणसं दोन-चार पोझमध्येच अडकतात आणि कॅनव्हासवरची माणसं फोटोसारखी सपाट होतात. प्रत्यक्ष बघून काढण्याला पर्याय नाही.

पायरी २: दिवस वाटू नका, वर्ष वाटा

‘सकाळी पेंटिंग, दुपारी पुस्तक’ हे वेळापत्रक कागदावर सुंदर दिसतं. प्रत्यक्षात तैलचित्रातून बाहेर पडायलाच तास जातो, आणि पुस्तकाची मुदत जवळ आली की सकाळसुद्धा तीच खाते. मी सांगेन की वर्षाचे तुकडे पाडा, आणि ते कोल्हापूरच्या हवेप्रमाणे पाडा.

जून ते सप्टेंबर पुस्तकाचे. आपल्याकडचा पाऊस चित्रकाराला घरात बसवतो. जवसाचं तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं. दमट, गार आणि कमी उजेडाच्या दिवसांत ही क्रिया मंदावते, त्यामुळे एका थरावर दुसरा थर द्यायला नेहमीपेक्षा जास्त थांबावं लागतं. म्हणून पावसाळ्यात पुस्तकाचे आराखडे, पात्रं, कच्ची रेखाटनं ही कामं घ्या. दिवाळी अंकांची चित्रं सांगून येतात तीही साधारण जुलै-ऑगस्टमध्येच. मात्र याच काळात गणपतीचं काम येतं. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत, बापट कॅम्पात मूर्ती रंगवायला किंवा मंडळांच्या देखाव्याला तुमचा हात लागत असेल तर ऑगस्टमधले ते आठवडे आधीच वहीत खोडून ठेवा आणि प्रकाशकाला तशी तारीख द्या.

नवरात्रापासून दिवाळीपर्यंत कशाचाही भरवसा धरू नका. पाहुणे, सण, अंकांची घाई असते. या दिवसांत फ्रेमा करून घेणं, स्कॅनिंग, हिशेब अशी कामं ठेवा.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी कॅनव्हासचे. हवा कोरडी, उजेड स्वच्छ, पंचगंगेच्या घाटावर सकाळी बसता येतं, आणि प्रदर्शनांचा हंगामही हाच. ‘रंगबहार’ या इथल्या कलासंस्थेची टाऊन हॉल बागेतली मैफल हिवाळ्यातच होते. तिथे रंगवणाऱ्यांच्या मागे उभं राहून बघणं हे शिकणाऱ्याला एखाद्या कार्यशाळेइतकं देऊन जातं. या चार महिन्यांत पुस्तकाची अंतिम मुदत येऊ देऊ नका. मानधन चांगलं असलं तरी तारीख मार्चनंतरची मागा. प्रकाशकांना वर्षाचं वेळापत्रक आधी कळलं तर बरेच जण ती देतात.

मार्च कागदपत्रांचा. एप्रिल-मेमध्ये सकाळी लवकर बाहेर निसर्गचित्रं, चैत्रात जोतिबाच्या यात्रेत गुलालाच्या ढगातल्या सासनकाठ्यांची स्केचेस, आणि सुट्टीत मुलांची चित्रशिबिरं. शिबिराकडे फक्त कमाई म्हणून बघू नका. तुमच्या पुस्तकाची कच्ची डमी, म्हणजे हाताने केलेला नमुना, पंधरा मुलांसमोर वाचून दाखवण्याची अशी संधी एरवी मिळत नाही. कोणत्या पानावर मुलं पुढे सरकतात आणि कोणत्या पानावर पंख्याकडे बघतात, हे संपादकाच्या टिपणापेक्षा जास्त शिकवतं.

एक नियम मात्र बाराही महिन्यांचा: एका वेळी एकच पूर्ण पुस्तक.

पायरी ३: जागा

वेगळा स्टुडिओ नसला तरी चालेल, पण ओलं आणि कोरडं काम वेगळं हवं. तैलरंगाचा एक डाग पुस्तकाच्या जलरंगाच्या कागदावर पडला तर ते पान गेलं. एका भिंतीला इझल, दुसऱ्या भिंतीला टेबल, मध्ये निदान पडदा. तेल लागलेली फडकी चुरगळून डब्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना उष्णता निर्माण होते आणि असा बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. ती पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

पावसाळ्यात कागदाला बुरशी लागते, तेव्हा चित्रं प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळू नका. बटर पेपर मध्ये घालून सपाट कपाटात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. आणि २०१९ व २०२१ चा पूर पाहिलेल्या शहरात मूळ चित्रं तळमजल्यावर ठेवायची नाहीत.

पायरी ४: नाव एक, पोर्टफोलिओ दोन

काही जण बालपुस्तकांसाठी वेगळं नाव घेतात. मला ते पटत नाही. दोन नावं सांभाळायची म्हणजे ओळख दोनदा कमवायची. नाव एकच ठेवा, पण गॅलरीला आणि प्रकाशकाला एकच फाइल पाठवू नका.

गॅलरीच्या फाइलमध्ये एका सूत्रातली कामं, माप, माध्यम, वर्ष आणि छोटं निवेदन. प्रकाशकाला यातलं काहीच नको असतं. त्याला बघायचं असतं की तुम्हाला एक पात्र अनेक पानांवर टिकवता येतं का, हालचाल दाखवता येते का, मुलांच्या चेहऱ्यावर भाव येतात का आणि मजकुराला जागा ठेवता येते का. म्हणून सुटी सुंदर चित्रं पाठवण्याऐवजी एकाच गोष्टीची सलग चार-पाच दृश्यं पाठवा. इटलीतल्या बोलोन्याच्या बालपुस्तक मेळ्यातल्या चित्रप्रदर्शनासाठीही पाच चित्रांचाच संच मागतात, त्यामागे हाच विचार आहे. तुमची दूध कट्ट्यावरची म्हैस इथे कामाला येईल.

कुठे पाठवायचं? मराठीत सुरुवातीला मासिकं बरी. बालभारतीचं ‘किशोर’ १९७१ पासून निघतं, साधनाचा बालकुमार अंक आहे, लहान मुलांसाठी ‘चिकूपिकू’ आहे. पुस्तकांसाठी पुण्याचं ज्योत्स्ना प्रकाशन, दिल्लीचं नॅशनल बुक ट्रस्ट, भोपाळचं एकलव्य, चेन्नईचं तुलिका, बंगळुरूचं प्रथम बुक्स. पाठवण्याआधी त्यांची पुस्तकं हातात घेऊन वाचा. करवीर नगर वाचन मंदिरासारख्या जुन्या ग्रंथालयात एक दुपार घालवा. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर तर मराठीतली कितीतरी चित्रपुस्तकं फुकट वाचता येतात. प्रत्येक प्रकाशकाची चव वेगळी असते आणि सगळ्यांना एकच ईमेल गेला की ते कळतं.

गॅलरीच्या बाजूने बॉम्बे आर्ट सोसायटीचं वार्षिक प्रदर्शन, राज्य कला प्रदर्शन यांना दरवर्षी काम पाठवत राहा. मुंबईत जहांगीर कलादालनाला अर्ज केला तर काही वर्षं थांबावं लागतं, म्हणून तो लवकर करून ठेवा आणि विसरून कामाला लागा. कोल्हापुरात दसरा चौकातलं शाहू स्मारक भवनाचं कलादालन पहिल्या प्रदर्शनासाठी चांगलं.

पायरी ५: पुस्तक हातात आल्यावर

संहिता आली की रंगाला हात लावू नका. आधी पानांचा हिशेब. चित्रपुस्तक बहुधा १६, २४ किंवा ३२ पानांचं असतं, कारण मोठा छापील कागद घडी घालून आठाच्या पटीत पानं निघतात. २४ पानांच्या पुस्तकात शीर्षक आणि माहितीचं पान वजा केलं की गोष्टीला साधारण दहा जोडपानं (समोरासमोरची दोन पानं मिळून एक) मिळतात. एका कागदावर सगळी पानं काडेपेटीएवढ्या चौकोनांत मांडा. कुठे जवळून, कुठे लांबून, कुठे शांत, कुठे गर्दी ही पुस्तकाची लय इथेच ठरते. सगळी पानं भरगच्च झाली असतील तर आत्ताच दोन पानं मोकळी करा.

मग पात्रांचा तक्ता: उभं, बसलेलं, पाठमोरं, रडताना, हसताना, कपड्यांच्या रंगासह. त्यानंतर खऱ्या मापाची पेन्सिलीतली डमी, पानं शिवून. ही डमी प्रकाशकाने मान्य केल्याशिवाय अंतिम चित्र सुरू करू नका. पेन्सिलीत बदलायला तास लागतो, रंगवल्यावर तीन दिवस.

अंतिम चित्रं करताना छपाईचा विचार पेंटरला नव्याने शिकावा लागतो. पानाच्या चारही बाजूंना ३ मिलिमीटर जास्त चित्र हवं, ते कापताना जातं. दोन पानांच्या मधल्या घडीत चेहरा किंवा हात येऊ देऊ नका. मूळ चित्र छापील मापापेक्षा थोडं मोठं करा म्हणजे छापताना रेषा घट्ट होते. स्कॅन मूळ मापाला निदान ३०० डीपीआय (एका इंचातले ठिपके), मोठं छापायची शक्यता असेल तर ६००. झगझगीत नारिंगी, पोपटी आणि काही जांभळे चार रंगांच्या छपाईत मलूल होतात. तुमच्या आवडत्या रंगांचा एक पट्टा करून तो एकदा छापून घ्या आणि टेबलासमोर चिकटवा. गावातल्या एखाद्या ऑफसेट प्रेसमध्ये एक दुपार उभं राहिलात तर काळी, निळी, गुलाबी, पिवळी प्लेट कशी एकावर एक चढते ते दिसेल आणि अर्ध्या शंका तिथेच फिटतील.

एक गोष्ट शिकवणीत कुणी सांगत नाही. आपल्याकडे एकच चित्रपुस्तक अनेक भाषांत निघतं. तेव्हा रंगीत चित्र तेच राहतं, बदलते ती फक्त काळ्या मजकुराची प्लेट. म्हणून चित्रात दुकानाची पाटी, एसटीवरचं गावाचं नाव, शाळेच्या फळ्यावरची अक्षरं रंगवून टाकू नका, ती वेगळ्या थरावर द्या. मिसळीच्या दुकानाची देवनागरी पाटी तमिळ आवृत्तीत तशीच राहिली तर पुस्तक परकं दिसतं. मजकुराची मोकळी जागाही जरा सढळ ठेवा, कारण हाच मजकूर दुसऱ्या भाषेत लांबू शकतो. याचा पेंटरला होणारा फायदा पुढे येईलच: अक्षरांविना मूळ चित्र स्वच्छ राहतं आणि भिंतीवर टांगता येतं.

त्यासाठीच रंग सुरुवातीपासून टिकाऊ वापरा. स्कॅन करून झाल्यावर चित्राचं काम संपलं असं धरून स्वस्त डाय-इंक किंवा शाळकरी रंग वापरले तर ते उजेडात काही वर्षांत उडतात. ट्यूबवर प्रकाशात टिकण्याची खूण बघून घ्या आणि कागद निदान ३०० जीएसएमचा (दर चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचा), आम्लविरहित असू द्या.

पायरी ६: मानधनाचा हिशेब दिवसांवर

‘एका चित्राचे किती?’ या प्रश्नाला अंदाजाने उत्तर देऊ नका. समजा घरखर्च आणि स्टुडिओचा खर्च मिळून महिन्याला ३६,००० रुपये लागतात. महिन्यातले १८ दिवस तुम्ही पैसे मिळणाऱ्या कामाला देऊ शकता, बाकीचे कॅनव्हासचे, स्केचिंगचे, धावपळीचे. म्हणजे तुमचा दिवस २,००० रुपयांचा.

आता २४ पानांचं पुस्तक: वाचन आणि छोटी रेखाटनं ५ दिवस, पात्रं ४, पेन्सिल डमी ८, दुरुस्त्या ३, दहा जोडपानं दोन-दोन दिवसांची २०, मुखपृष्ठ ३, स्कॅन आणि सफाई २. एकूण ४५ दिवस, म्हणजे ९०,००० रुपये. प्रकाशक ४०,००० म्हणाला तर ते २० दिवसांचं काम आहे. मग बोलायला हातात ठोस गोष्टी असतात: दोन रंगांत रेषेचं काम चालेल का, पानं कमी होतील का, मुदत वाढेल का, हक्कांची मुदत कमी होईल का. काहीच जमत नसेल तर नम्रपणे नकार द्या. पडेल भावात पूर्ण रंगीत पुस्तक घेतलं की त्याची किंमत तुमच्या हिवाळ्यातल्या कॅनव्हासला मोजावी लागते.

पैसे तीन टप्प्यांत मागा: करार झाल्यावर, डमी मान्य झाल्यावर, अंतिम चित्रं दिल्यावर. पुस्तक छापून आल्यावर सगळे पैसे, ही अट कधीही मान्य करू नका. छपाई कधी होईल हे तुमच्या हातात नसतं. मला एका कामात चित्रं पोचल्यावर कितीतरी महिने ‘लवकरच छापतोय’ हेच ऐकावं लागलं होतं.

पेंटिंगची किंमत चौरस इंचावर ठेवा आणि ती कोल्हापूरला आणि मुंबईला एकच असू द्या. गावात स्वस्त आणि बाहेर महाग हे लपत नाही. खाजगी गॅलरी विक्रीतला साधारण एक तृतीयांश ते निम्मा वाटा घेते, तो धरून दर लावा.

हिशेबाची वही दोन रकान्यांची. पुस्तकाचं मानधन ही सेवा, पेंटिंग विकणं हा माल. प्रकाशक मानधनातून टीडीएस, म्हणजे आधीच कापलेला आयकर, कापतो. तो आयकर पोर्टलवर तुमच्या पॅनवर जमा दिसतोय का हे दरवर्षी तपासा. जीएसटीसाठी सेवा देणाऱ्याची वार्षिक मर्यादा २० लाखांची आहे. तिच्या जवळ गेलात तर सीए गाठा.

पायरी ७: करार वाचल्याशिवाय सही नाही

इथे सर्वांत जास्त नुकसान होतं, म्हणून जरा थांबून वाचा.

कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ प्रमाणे चित्राच्या हक्काचा पहिला मालक चित्रकारच. पण त्याच कलमात अपवाद आहेत. तुम्ही नोकरीत राहून चित्र केलं तर मालक ती संस्था. आणि कुणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन पेंटिंग किंवा पोर्ट्रेट केलं आणि उलट करार नसेल, तर कॉपीराइट काम सांगणाऱ्याकडे जातो. म्हणजे व्हॉट्सॲपवर ठरलेलं, नुसत्या विश्वासावर केलेलं काम तुमच्याच विरोधात जाऊ शकतं. ‘कॉपीराइट चित्रकाराकडे राहील’ हे एक वाक्य लेखी हवं. हे पुस्तकाइतकंच पोर्ट्रेटच्या ऑर्डरलाही लागू आहे. उद्या ते पोर्ट्रेट तुमच्या पुस्तिकेत छापायचं असेल तरी हे वाक्य लागतं.

हक्क दुसऱ्याला द्यायचे तर कलम १९ प्रमाणे ते लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. कोणतं काम, कोणते हक्क, किती मुदत, कोणता प्रदेश, किती मोबदला हे त्यात हवं. मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता. म्हणून ‘सर्व हक्क, सर्व माध्यमं, कायमस्वरूपी, जगभर’ असं छापील वाक्य दिसलं की पेन खाली ठेवा आणि बोला. तुम्ही द्यायचं ते एवढंच: या पुस्तकाच्या छापील आणि ई-आवृत्तीसाठी, या भाषांत, इतक्या वर्षांसाठी वापर. दिनदर्शिका, खेळणी, ॲनिमेशन यांचं मानधन वेगळं.

आणखी चार गोष्टी लिहून घ्या. मूळ चित्रं तुमच्याकडे परत येतील. पुस्तकावर आणि प्रत्येक आवृत्तीत तुमचं नाव छापलं जाईल. डमीवर दोन वेळा दुरुस्त्या, त्यापुढच्या पैसे घेऊन. चित्रं एआयच्या प्रशिक्षणासाठी वापरली जाणार नाहीत. शिवाय हक्क विकले तरी कलम ५७ प्रमाणे आपलं नाव सांगण्याचा आणि चित्राची मोडतोड करून प्रतिष्ठेला धक्का लावला तर हरकत घेण्याचा अधिकार चित्रकाराकडे राहतोच, हे माहीत असू द्या.

‘स्टोरीवीव्हर’सारख्या खुल्या परवान्याच्या कामाचा वेगळा विचार करा. तिथला सीसी-बाय परवाना दिला की श्रेय देऊन कुणीही ते चित्र वापरू शकतं, व्यापारासाठीसुद्धा, आणि तो मागे घेता येत नाही. मुलांपर्यंत पुस्तक फुकट पोचतं हे मला मोलाचं वाटतं आणि असं काम जरूर करावं. फक्त ज्या शैलीच्या, ज्या पात्रांच्या प्रिंट तुम्हाला पुढे विकायच्या आहेत ती तिथे देऊ नका.

पायरी ८: मूळ चित्रांचं प्रदर्शन

पुस्तक आलं की त्याची मूळ चित्रं आणि त्याच विषयावरचे कॅनव्हास एकत्र लावा. दूध कट्ट्याची पुस्तकातली दहा जोडपानं आणि त्याच पहाटेचे चार मोठे कॅनव्हास शेजारी शेजारी आले की ‘स्वतःचं काम कोणतं’ हा प्रश्न कुणी विचारत नाही. पेन्सिलीतली डमी आणि स्केचबुकही काचेखाली ठेवा. कलाशिक्षक आणि विद्यार्थी तिथेच सर्वांत जास्त वेळ थांबतात.

मोठ्यांसाठी चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १५० सेंटिमीटरवर येतो. पुस्तकाची चित्रं मात्र त्याहून बरीच खाली, पहिली-दुसरीतल्या मुलाच्या डोळ्यांसमोर लावा. जवळच्या महापालिका शाळेला एक सकाळ बोलवा आणि पुस्तक मोठ्याने वाचा. मूळ चित्रांना काच आणि आम्लविरहित माउंट हवाच, आणि जलरंग उन्हाच्या भिंतीवर लावू नका. कॅनव्हास नुकताच रंगवलेला असेल तर घाईने व्हार्निश करू नका. जाड तैलरंगाला सहा महिने ते वर्ष लागतं.

दरपत्रकात मूळ चित्रं, मर्यादित प्रिंट आणि पुस्तक असे तीन भाग ठेवा, म्हणजे शंभर-दोनशे रुपयांत पुस्तक घेणारी आईही रिकाम्या हाताने जात नाही. चित्र विकलं म्हणजे कॉपीराइट विकला असं होत नाही, पण घेणाऱ्याला ते माहीत नसतं. म्हणून पावतीवर चित्राचं नाव, माप, माध्यम, वर्ष यांखाली ‘छपाई व पुनर्निर्मितीचे हक्क चित्रकाराकडे’ ही ओळ छापून घ्या आणि पावतीची एक प्रत करारांच्या फाइलमध्ये लावा.